सिनेगॉगच्या गायनाची शाळा : पंचाहत्तर वर्षांची वाटचाल

सिनसिनाटीच्या हिब्रू युनियन कॉलेजने १९४८ साली न्यूयॉर्क शहरात स्कूल ऑफ सेक्रेड म्युझिक सुरू केले. यहुद्यांच्या सिनेगॉगमधील प्रार्थना गाऊन चालवणाऱ्या हझानांना, म्हणजेच कँटरांना, महाविद्यालयीन शिस्तीत तयार करणारी आणि टिकून राहिलेली अमेरिकेतील ही पहिली संस्था. २०११ पासून ती डेबी फ्रीडमन स्कूल ऑफ सेक्रेड म्युझिक या नावाने ओळखली जाते आणि २०२३ साली तिला पंचाहत्तर वर्षे पूर्ण झाली. गुरूच्या शेजारी उभे राहून कानाने उचलायची विद्या वर्गात, फळ्यावर आणि छापील पानावर आणायचा हा उद्योग होता. तो कुठे साधला आणि कुठे अडला, हे पुढील हकिकतीत ओघाने येईलच.

स्थापनेपूर्वी

युरोपात हझान तयार होई तो घरगुती उमेदवारीतून. गोड गळ्याचा मुलगा सात-आठ वर्षांचा झाला की एखाद्या नामांकित हझानाकडे 'मशोरेर' म्हणून राही, त्याच्यामागे उभा राहून साथ करी, गावोगाव फिरे आणि आवाज फुटेपर्यंत शेकडो चाली तोंडपाठ करी. कागदावर फारसे काही नसे. एकोणिसाव्या शतकात व्हिएन्नाचे सालोमन झुल्त्सर आणि बर्लिनचे लुई लेवांडोव्स्की यांनी हे चित्र बदलले. झुल्त्सर १८२६ साली व्हिएन्नाच्या नव्या सिनेगॉगमध्ये रुजू झाले. जुन्या चाली पारखून, त्यांना चार आवाजांच्या वृंदगानाची जोड देऊन त्यांनी 'शीर त्सियोन'चा पहिला भाग १८४० च्या सुमारास छापला. त्यांच्या आवाजाची ख्याती एवढी होती की शूबर्टने १८२८ साली ब्याण्णवावे स्तोत्र मूळ हिब्रूतच स्वरबद्ध करून त्यांना दिले. लेवांडोव्स्कींनी बर्लिनमध्ये एकल गायनासाठी एक आणि वृंदासाठी दुसरा, असे दोन मोठे संग्रह सिद्ध केले. लहान गावच्या साध्या हझानालाही वर्षभराची प्रार्थना त्यांच्या आधारे चालवता येई. पॅरिसचे नाउम्बुर्ग, क्योनिग्सबर्गचे वाइनट्राउब आणि ग्योटेबोर्गचे अब्राहम बेअर हीही याच पिढ्यांतली नावे. बेअर यांच्या 'बाल तफिला' या १८७७ च्या ग्रंथात दीड हजारांवर चाली आहेत.

अमेरिकेत याच काळात उलटा प्रवाह वाहत होता. सुधारवादी पंथाच्या अनेक मंदिरांत ऑर्गन आला आणि पगारी गायकांच्या चौकड्या आल्या. प्रार्थना रब्बी, म्हणजे धर्मगुरू, वाचू लागले आणि हझानाचे पदच कित्येक ठिकाणी उरले नाही. शनिवारी सिनेगॉगमध्ये गाणारे गायक रविवारी चर्चमध्ये गात, आणि त्यात कोणाला वावगे वाटत नसे. पूर्व युरोपातून आलेल्या स्थलांतरितांच्या वस्त्यांत मात्र हझानांचा सुवर्णकाळ चालू होता. १९१२ साली न्यूयॉर्कला आलेल्या योसेले रोझेनब्लाट यांच्या तबकड्या घरोघरी वाजत. पण रोझेनब्लाट ऐकता येत. त्यांच्यासारखे गायचे कसे, हे शिकवणारी शाळा नव्हती.

न्यूयॉर्कच्या भावी शाळेची बौद्धिक पायाभरणी केली ती सिनसिनाटीला आलेल्या अब्राहम त्स्वी इदेलसोन यांनी. लाटव्हियात जन्मलेले इदेलसोन तरुणपणी जेरुसलेमला गेले आणि तिथे येमेन, बगदाद, इराण, मोरोक्को अशा ठिकठिकाणच्या यहुद्यांच्या प्रार्थना त्यांना एकाच शहरात ऐकायला मिळाल्या. फोनोग्राफ घेऊन त्यांनी त्या ध्वनिमुद्रित केल्या, स्वरलिपीत उतरवल्या आणि १९१४ ते १९३२ या काळात दहा खंडांचा हिब्रू-पौर्वात्य सुरावटींचा कोश पुरा केला. 'हावा नगिला' हे आज जगभर लग्नांतून वाजणारे गाणेही त्यांच्याच हातून घडल्याचे मानले जाते. कोशाच्या दहा खंडांपेक्षा त्याचीच प्रसिद्धी अधिक झाली. क्योनिग्सबर्गचे हझान एडुआर्ड बिर्नबाउम यांनी आयुष्यभर जमवलेला हस्तलिखितांचा संग्रह हिब्रू युनियन कॉलेजने विकत घेतला होता. त्याची वर्गवारी इदेलसोन यांनी केली आणि १९२४ पासून दहा वर्षे ते तिथे प्राध्यापक होते. १९३८ साली जोहान्सबर्गमध्ये त्यांचे निधन झाले.

त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात, ९ आणि १० तारखेच्या रात्रीत, जर्मनी आणि ऑस्ट्रियात हजाराहून अधिक सिनेगॉग जाळले वा मोडले गेले. पुढच्या सात वर्षांत हझान, त्यांचे वृंद, त्यांचे शागीर्द आणि ज्यांच्या कानांत त्या चाली होत्या ते श्रोते, सगळेच नाहीसे झाले. वॉर्साचे नामांकित हझान गेर्शन सिरोटा १९४३ साली तिथल्या घेट्टोत मारले गेले. तोवर अमेरिकेला हझान पुरवले ते युरोपने. तो पुरवठा तुटला आणि शाळा काढण्याचा विचार निकडीचा झाला.

१९४८ ते १९५८ : पुस्तकांविना शाळा

संस्थेच्या उभारणीत तीन नावे ठळकपणे येतात : व्हिएन्नाच्या परिसरात जन्मलेले, १९३८ साली अमेरिकेत आलेले आणि सिनसिनाटीत इदेलसोन यांची परंपरा पुढे चालवणारे संगीतशास्त्रज्ञ एरिक वेर्नर, न्यूयॉर्कचे संगीतकार अब्राहम वुल्फ बाइंडर आणि कॉलेजच्या शिक्षणशाखेचे प्रमुख अब्राहम फ्रान्झब्लाउ. त्यांच्यामागे हझान, रब्बी, ऑर्गनवादक आणि देणगीदार यांची मोठी फळी होती. एकट्यादुकट्याने हे काम झाले नसते. हिब्रू युनियन कॉलेज आणि रब्बी स्टीफन वाइज यांनी १९२२ साली स्थापलेली ज्यूइश इन्स्टिट्यूट ऑफ रिलिजन या दोन संस्था १९५० पर्यंत एकत्र आल्या आणि नव्या शाळेला मॅनहॅटनच्या अडुसष्टाव्या रस्त्यावरील इमारतीत जागा मिळाली.

कॉलेज सुधारवादी पंथाचे असले तरी शाळा सर्व पंथांसाठी असावी, अशी संस्थापकांची इच्छा होती. पुढे कॉन्झर्व्हेटिव्ह पंथाच्या ज्यूइश थिऑलॉजिकल सेमिनरीने १९५२ साली आणि ऑर्थोडॉक्स येशिवा युनिव्हर्सिटीने १९५४ साली स्वतःची गायनशिक्षणाची केंद्रे काढली. तीन केंद्रे झाल्याने विद्यार्थी विभागले गेले, मात्र सहा वर्षांपूर्वी जिथे एकही वर्ग नव्हता तिथे तीन उभे राहिले. शाळेच्या पदवीधरांनी १९५३ साली अमेरिकन कॉन्फरन्स ऑफ कँटर्स ही संघटना स्थापन केली.

पहिली अडचण पुस्तकांची होती. झुल्त्सर, लेवांडोव्स्की, बेअर यांचे ग्रंथ बाजारात नव्हते. ज्या प्रकाशकांनी ते छापले त्यांची दुकाने आणि छपाईचे साहित्य युद्धात गेले होते, आणि ज्या हझानांकडे प्रती होत्या ते त्या उसन्या द्यायला धजत नसत. शाळेच्या सेक्रेड म्युझिक प्रेसने १९५३ पासून या दुर्मीळ ग्रंथांचे पंचवीस खंड जसेच्या तसे पुनर्मुद्रित केले. मूळ पानांच्या प्रतिमा घेतलेल्या असल्याने जुन्या छपाईचे दोषही त्यांत राहिले. जर्मन उच्चारानुसार लिहिलेले हिब्रू नव्या विद्यार्थ्यांना वाचायला जड जाई. तरीही संस्थेच्या सगळ्या कामांत हे एक काम सर्वांत टिकाऊ ठरले, असे म्हणायला हरकत नाही. सुधारवादी असो वा ऑर्थोडॉक्स, अमेरिकेतल्या कितीतरी हझानांनी जुने गुरुजन अभ्यासले ते याच खंडांतून.

अभ्यासक्रमाचे स्वरूप याच दशकात ठरले आणि त्याचा सांगाडा आजही तोच आहे. त्याचे दोन मुख्य खांब म्हणजे शास्त्रपठण आणि नुसाख.

शास्त्रपठणाच्या खुणांना 'तआमिम' म्हणतात. हिब्रू बायबलच्या मजकुरात शब्दांच्या वर-खाली असलेल्या या बारीक खुणा शब्दावर आघात कुठे, वाक्य कुठे तोडायचे आणि सूर कोणता, हे तिन्ही सांगतात. खुणा त्याच, पण प्रसंगाप्रमाणे त्यांची सुरावट बदलते. अश्केनाझी, म्हणजे मध्य आणि पूर्व युरोपीय यहुद्यांच्या, परंपरेत अशा सहा सुरावटी विद्यार्थ्याला आत्मसात कराव्या लागतात : तोराचे, म्हणजे बायबलच्या पहिल्या पाच पुस्तकांचे, नित्य वाचन, संदेष्ट्यांची पुस्तके, पूरिमच्या दिवशी एस्तेरचे पुस्तक, आव या हिब्रू महिन्याच्या नवमीच्या उपवासाला विलापगीत, तीन सणांना वाचली जाणारी गीतरत्न, रूथ आणि उपदेशक ही पुस्तके, आणि रोश हशाना (नववर्ष) व योम किप्पूर (पापक्षालन) या दिवसांचे तोरावाचन. 'शलशेलेत' नावाची एक वेलांट्यावेलांट्यांची खूण तोरात अवघी चारदा येते. त्यांपैकी एक उत्पत्तीच्या एकोणचाळिसाव्या अध्यायात, मालक पोटीफराच्या, मोहात पाडू पाहणाऱ्या बायकोला योसेफ नकार देतो त्या शब्दावर आहे. एकाच शब्दावर सूर चढतो, पडतो, पुन्हा चढतो. नकार द्यायला योसेफाला किती वेळ लागला हे मजकूर सांगत नाही, खूण सांगते. शिक्षक ही जागा हमखास गाऊन घेत. १९५९ साली आलेल्या बाइंडर यांच्या 'बिब्लिकल चँट' या पुस्तकाने या विषयाला क्रमवार पाठ मिळाले.

नुसाख म्हणजे प्रार्थनेच्या त्या त्या वेळेला ठरलेली सुरावट. शब्बाथची, म्हणजे साप्ताहिक विश्रांतीच्या दिवसाची, संध्याकाळ, शब्बाथची सकाळ, सणाचा दिवस, पापक्षालनाचा दिवस, प्रत्येकाची चाल वेगळी. जाणता श्रोता डोळे मिटून ऐकत असला तरी कोणती वेळ चालू आहे ते सांगू शकतो. प्रहराप्रमाणे राग ऐकणाऱ्या मराठी श्रोत्याला हे समजावून सांगण्याची फारशी गरज नाही. स्वरांचे साम्यही लक्षणीय आहे. 'अहवा रबा' नावाच्या रीतीत कोमल ऋषभानंतर शुद्ध गंधार येतो आणि धैवत-निषाद कोमल असतात. ही बसंत मुखारीचीच स्वरमाला झाली. 'मागेन अवोत' आसावरी थाटाजवळ जाते. 'अदोनाय मालाख' खमाज थाटासारखी चालते, पण वरच्या सप्तकात तिचा गंधार कोमल होतो. रागाप्रमाणेच इथेही नुसत्या स्वरांनी काम भागत नाही. ठरावीक वाक्यखंड असतात, आरंभाच्या आणि समेच्या जागा असतात, आणि त्यांच्या मधल्या मोकळ्या अवकाशात हझानाने प्रार्थनेचे शब्द स्वतः बसवायचे असतात. छापील चाल तंतोतंत गाणारा विद्यार्थी उत्तीर्ण होई, पण गुरुजन त्याच्यावर खूश नसत.

१९५८ ते १९६८ : गुरूंचे दशक

वेर्नर यांचा 'द सेक्रेड ब्रिज' हा ग्रंथ १९५९ साली प्रसिद्ध झाला. सिनेगॉगचे पठण आणि आरंभीच्या ख्रिस्ती चर्चचे गायन यांच्यातील नात्याची त्यात केलेली मांडणी खूप गाजली. पुढच्या अभ्यासकांनी तिच्यातल्या अनेक दुव्यांवर शंका घेतल्या, तरी संगीतशास्त्राच्या जगात शाळेचे नाव झाले ते या ग्रंथाने. संगीतकार इझाडोर फ्रीड यांनी १९५८ साली नुसाखाच्या रीतींना स्वरसंवादाची जोड कशी द्यावी यावर पुस्तक लिहिले. प्रश्न नाजूक होता. युरोपीय मेजर-मायनरच्या ठोकळेबाज संवादांत 'अहवा रबा' बसवली की तिचा मूळ आधारस्वरच सरकतो. वृंद गोड वाटतो आणि रीत मरते. फ्रीड यांचे पुस्तक अजूनही हाताशी लागते, कारण तो प्रश्न अजून मिटलेला नाही.

पण विद्यार्थ्यांच्या दृष्टीने हे दशक होते ते मोशे गांचोफ आणि इस्रायल आल्टर यांचे. गांचोफ हे रेडिओवर गाजलेले, जागच्या जागी सुचेल ते गाणारे हझान. आल्टर लेंबर्गचे, हॅनोव्हरमध्ये नाव कमावून नाझींच्या काळात जोहान्सबर्गला गेलेले आणि उतारवयात न्यूयॉर्कला शिकवायला आलेले. आल्टर यांनी शब्बाथ, सण आणि रोश हशाना-योम किप्पूर या महापर्वांसाठी एकल गायनाच्या चाली लिहून काढल्या. त्या मुद्दाम साध्या आहेत. मधल्या पट्टीचा आवाजही त्या पेलू शकतो आणि प्रत्येक ओळीत नुसाखाचा सांगाडा स्पष्ट दिसतो. कागद आणि कान यांची सांगड या चालींत जितकी जमली तितकी आधीच्या कुठल्या पाठ्यपुस्तकात जमली नव्हती.

१९६८ ते १९७८ : स्त्रियांचा प्रवेश

ऑर्थोडॉक्स परंपरेत पुरुषांच्या सभेपुढे स्त्रीने गाऊ नये असा दंडक आहे. सुधारवादी पंथाने तो कधीच सोडला होता, तरीही रीतसर शिक्षण घेऊन हझान झालेली स्त्री तोवर नव्हती. १९७० साली बार्बरा ऑस्टफेल्ड यांनी शाळेत प्रवेश घेतला आणि १९७५ साली त्या पदवीधर हझान झाल्या. अमेरिकेत हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. ज्यूइश थिऑलॉजिकल सेमिनरीने हाच टप्पा १९८७ साली गाठला. या बदलाबाबत त्या वेळी वेगवेगळी मते व्यक्त झाली. ती मांडणाऱ्या सर्वांनाच परंपरेची कळकळ होती, एवढे नमूद करणे पुरे.

त्यातून आलेल्या व्यावहारिक अडचणी मात्र सांगण्याजोग्या आहेत. जुने सगळे साहित्य टेनर आणि बॅरिटोन आवाजांसाठी लिहिलेले होते. ते स्त्रीच्या पट्टीत नेले की काही ठिकाणी सूर वृंदाच्या वरच्या आवाजांत मिसळून हरवे. मोठ्या संग्रहांतील चाली नव्याने बसवाव्या लागल्या आणि हे काम बरेचसे विद्यार्थिनींनीच केले. पुढच्या काळात शाळेत विद्यार्थ्यांपेक्षा विद्यार्थिनींची संख्या अधिक झाली.

याच दशकात अमेरिकेतल्या यहुदी उन्हाळी शिबिरांतून गिटारवर गायल्या जाणाऱ्या प्रार्थना सिनेगॉगमध्ये येऊ लागल्या. १९७२ साली डेबी फ्रीडमन या तरुण गायिकेचा 'सिंग अन्टू गॉड' हा ध्वनिमुद्रित संग्रह निघाला. शाळेने त्याची तेव्हा फारशी दखल घेतली नाही.

१९७८ ते १९९८ : नवी जागा, जुना वाद

१९७९ साली न्यूयॉर्कचे सारे विभाग ग्रीनिच व्हिलेजमध्ये, वेस्ट फोर्थ स्ट्रीटवरील ब्रुकडेल सेंटर या इमारतीत गेले. कँटरांचे आणि रब्बींचे वर्ग एकाच छताखाली असल्याने धर्मशास्त्र, हिब्रू आणि प्रार्थनेचा इतिहास हे विषय दोघांनी मिळून शिकण्याची सोय झाली. रब्बींप्रमाणेच गायनाच्या विद्यार्थ्यांनीही पहिले वर्ष जेरुसलेमला घालवावे, अशी पद्धत पडली. तिथे इदेलसोन यांनी ऐकलेल्या पौर्वात्य परंपरांशी त्यांची गाठ पडे. एरवी शाळेचा अभ्यासक्रम अश्केनाझीच होता. मुंबई आणि कोकणातले बेने इस्राईल यहुदी सेफार्दी, म्हणजे मूळच्या स्पेन-पोर्तुगालकडच्या, पद्धतीने प्रार्थना करतात. कोचीन आणि येमेनकडून आलेल्या शिक्षकांचा संस्कार असलेली त्यांची पठणरीत या अभ्यासक्रमाच्या कक्षेबाहेर राहिली.

सभेने ऐकायचे की गायचे, हा या वीस वर्षांतला मोठा प्रश्न. लेवांडोव्स्कींच्या वृंदाला तालमी लागतात, चांगले गायक लागतात, पैसा लागतो. शिबिराचे गाणे सभेला पहिल्याच दिवशी येते. छोट्या सिनेगॉगांचा कल कुठे जाणार हे उघड होते. शाळेने दोन्ही शिकवायचे ठरवले. सर्वांचेच समाधान झाले असे नाही, पण अभ्यासक्रम एकांगी झाला नाही. वृंदगानाला बाहेरूनही आधार मिळाला. १९९० साली उत्तर अमेरिकी यहुदी वृंदगान महोत्सव सुरू झाला, आणि त्याच वर्षी स्थापन झालेल्या मिल्कन अर्काइव्हने अमेरिकेतील यहुदी संगीताचे मोठ्या प्रमाणावर ध्वनिमुद्रण हाती घेतले.

१९९८ ते २०१२ : नाव आणि दर्जा

२००७ साली डेबी फ्रीडमन स्वतःच शिक्षिका म्हणून शाळेत आल्या. त्यांना स्वरलिपी वाचता येत नसे. त्यांची गाणी दुसऱ्यांनी लिहून काढलेली आहेत. आजाऱ्यांसाठीची त्यांची प्रार्थना एव्हाना अमेरिकेतील असंख्य सिनेगॉगांत दर आठवड्याला गायली जात होती. जानेवारी २०११ मध्ये त्यांचे निधन झाले आणि त्याच वर्षी शाळेला त्यांचे नाव देण्यात आले. पंचवीस खंड छापून सुरुवात करणाऱ्या संस्थेने कागदाशी संबंध न आलेल्या गायिकेचे नाव धारण केले. मशोरेरांच्या जुन्या रीतीशी ते विसंगतही नव्हते.

२०१२ पासून पदवीधर हझानांना रब्बींप्रमाणेच दीक्षा दिली जाऊ लागली. त्यापूर्वीचा विधी केवळ पदावर नेमणुकीचा होता. हझान हा भाड्याने आणलेला गायक नसून धर्मसेवक आहे, ही संस्थापकांची भूमिका अशी चौसष्ट वर्षांनी विधीतही उतरली. युरोपातही याच सुमारास पुन्हा हालचाल सुरू झाली होती. २००७ साली पॉट्सडॅमच्या अब्राहम गायगर कॉलेजने कँटरांचे शिक्षण सुरू केले आणि २०११ पासून बर्लिनमध्ये लेवांडोव्स्कींच्या नावाने वृंदगानाचा महोत्सव भरू लागला.

२०१२ ते २०२३ : अलीकडचा काळ

कोविडच्या साथीमुळे २०२० च्या मार्चमध्ये सगळे वर्ग संगणकाच्या पडद्यावर गेले. एकट्याने शिकायचे पठण कसेबसे चालले, पण वृंदगान चालेना. आवाज पोहोचायला क्षणभर उशीर होत असल्याने दोघांना एका लयीत एकत्र गाता येत नाही. प्रत्येकाने घरी एकटे गाऊन पाठवायचे आणि नंतर ते जोडायचे, असा मार्ग निघाला. विद्यार्थी त्यातून ध्वनिमुद्रणाचे तंत्र शिकले.

सध्याचा अभ्यासक्रम पाच वर्षांचा असून त्यातून धर्मसंगीताची पदव्युत्तर पदवी आणि दीक्षा मिळते. प्रवेशासाठी गायनाची चाचणी होते. पहिले वर्ष जेरुसलेममध्ये आणि उरलेली न्यूयॉर्कमध्ये जातात. विद्यार्थ्याला नेमून दिलेली प्रार्थना शिक्षक आणि सहाध्यायी यांच्यापुढे पूर्ण गाऊन चालवावी लागते, आणि ती संपताच तिची चिकित्सा होते. या 'प्रॅक्टिकम'ची धास्ती माजी विद्यार्थी अजून बोलून दाखवतात. त्याच्या जोडीला छोट्या सिनेगॉगांत शनिवार-रविवारची सेवा, शेवटच्या वर्षी एक प्रबंध आणि एक जाहीर मैफल असते. बिर्नबाउम संग्रह सिनसिनाटीच्या ग्रंथालयात अभ्यासकांसाठी उपलब्ध आहे.

न्यूयॉर्कचा दीक्षाविधी दर वसंतात फिफ्थ अॅव्हेन्यूवरील टेंपल इमॅन्युएलमध्ये होतो. तिथून बाहेर पडलेले हझान मुलांना बार मित्स्वा-बात मित्स्वा या वयात येण्याच्या विधींसाठी शास्त्रपठण शिकवतात, हौशी वृंद चालवतात, लग्ने लावतात, आजाऱ्यांना भेटतात, अंत्यविधी करतात आणि शब्बाथची प्रार्थना गातात.